आई पर्यटनाला गेली आहे

कांदिवलीहून दर वर्षी जी मंडळी परदेशी पर्यटनाला जातात, त्यांतल्या एका मोठ्या गटाला तिथलं एकही पर्यटनस्थळ दिसत नाही. हा गट पंचावन्न ते पासष्ट वयाच्या बायकांचा. ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला, महावीर नगर, चारकोप, डहाणूकरवाडी, कुठूनही निघाल्या तरी सामान सारखंच. मोठ्या दोन बॅगा, आणि त्यांत स्वतःचे कपडे उरलेल्या जागेत. बाकी सगळा डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, कुंची आणि समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेननी आग्रहानं दिलेलं बाळंतिणीसाठीचं काटलू. मुलगी दुबईला असेल तर खसखस तेवढी घरी ठेवायची, कारण अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि खिरीच्या जागी कोठडी वाट्याला यायची. व्हिसा मात्र पर्यटकाचा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर उत्तर खरं असतं, ‘मुलीच्या बाळंतपणाला चाललेय.’ विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं तर ‘टू व्हिजिट डॉटर’ एवढंच म्हणायचं आणि पुढे तोंड उघडायचं नाही, अशी जावयाची सक्त ताकीद असते. मला म्हणायचंय ते असं की ही बाई पर्यटक नाही. प्रसूतिसेवेचा एक अख्खा विभाग उघडायचा यजमान देशाकडून राहून गेला आहे, तो विभाग म्हणजे ही बाई, आणि कांदिवली तो कित्येक वर्षं बिनबोभाट आणि बिनपगारी पुरवते आहे. ज्या देशांना हे कळलं त्यांनी आपापली आई पगार देऊन तयार केली. ज्यांना कळलं नाही, त्यांच्याकडे ती आयात होते.

परदेशातल्या गरोदरपणाला नावं ठेवायचा माझा विचार नाही. मूल पोटात असेपर्यंत तिकडची व्यवस्था इतकी चोख असते की कांदिवलीच्या आईला तिच्यात खोट काढायला बरेच कष्ट पडतात. ती तरीही काढते, हा भाग वेगळा. ब्रिटनमध्ये सगळं सुरळीत असेल तर गरोदर बाईची डॉक्टरशी गाठ क्वचितच पडते. तिला तपासते ती मिडवाइफ, आणि नेहमीच्या सोनोग्राफ्या फक्त दोन, एक बाराव्या आठवड्याच्या सुमाराला आणि दुसरी विसाव्या. दर भेटीला पडद्यावर नातवंड बघायची अपेक्षा धरून बसलेल्या आजीला हे दारिद्र्य वाटतं. ‘एवढे पैसे भरता ना?’ असं ती फोनवर विचारते, आणि प्रश्न अगदीच गैर नाही, कारण २०२४ च्या फेब्रुवारीपासून व्हिसावर राहायला येणाऱ्या बहुतेक प्रौढांना तिथे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ मोजावा लागतो. जर्मनीत १९६१ पासून गरोदर बाईला ‘मुटरपास’ नावाची वही मिळते. तिच्यात रक्तगटापासून बाळाच्या ठोक्यांपर्यंत सगळी नोंद असते आणि ती पर्समध्ये ठेवूनच हिंडायचं असतं. आणि विसाव्या आठवड्याला तंत्रज्ञ बाई सहज विचारते, मुलगा की मुलगी ते सांगू का? व्हिडिओ कॉलवर आई असेल तर ती दचकून आवाज खाली करते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानं कांदिवलीतल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर जी पाटी लावली, तिचा धाक सात हजार किलोमीटरांवरही टिकून आहे.

घोडं अडतं ते बाळ बाहेर आल्यावर. तोवर सगळ्यांचं लक्ष ज्या बाईकडे होतं ती एका क्षणात सामान होते आणि सगळे बाळाभोवती जमतात. ब्रिटनमध्ये बाळ-बाळंतीण ठीक असतील तर ६ ते २४ तासांत घरी. अमेरिकेत १९९६ साली कायदाच करावा लागला की विमा कंपन्यांनी साध्या बाळंतपणानंतर ४८ तासांचा आणि सिझेरियननंतर ९६ तासांचा मुक्काम तरी नाकारू नये, कारण त्याआधी बायकांना एका दिवसात बाहेर काढण्याची चढाओढ लागली होती. निघताना गाडीत बाळाची कार सीट आहे ना, हे पाहिलं जातं. बाळंतिणीला गाडीत बसता येतंय का, हा प्रश्न सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीसाठी राखून ठेवण्याची जुनी पद्धत. २०१८ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की असं नको, निदान तीन आठवड्यांच्या आत तिची विचारपूस करा. तीन आठवडे! कांदिवलीत तेवढ्या वेळात बारसं होऊन, फोटो येऊन, आत्या रुसून तिची समजूतही काढून झालेली असते. तिकडे तर आत्याला रुसायलाही वाव नाही, कारण जन्मदाखल्याचा कागद बहुधा रुग्णालयातच पुढे येतो आणि नाव बाराव्या दिवसाऐवजी दुसऱ्याच दिवशी द्यावं लागतं. कानात कुर्र करायला आत्या ऑनलाइन येते तेव्हा नाव सरकारदरबारी जमा झालेलं असतं.

रजेचं म्हणाल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा १९९३ चा कायदा १२ आठवड्यांची रजा देतो. ती बिनपगारी, आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणीच. आमच्या मुंबई इलाख्यात कारखान्यांतल्या बायकांना प्रसूतिभत्ता देणारा कायदा १९२९ सालीच झाला, आणि २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे. कायद्यात आहे म्हणजे सगळ्यांच्या हातात आहे असं नाही, हे आकुर्ली रोडवर घरकाम करणारी कोणतीही बाई सांगेल. तरी कागदावर का होईना, आपण पुढे आहोत, आणि असे प्रसंग थोडे असल्यामुळे मी ते नोंदवून ठेवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की दोन दिवसांत घरी आलं तर बिघडलं कुठे? बाळंतपण म्हणजे आजार नव्हे. कबूल. पण वैद्यकशास्त्र स्वतःच मातामृत्यू मोजताना गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांपर्यंत हिशेब उघडा ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये दिलेल्या सूचना सांगतात, की निदान २४ तास रुग्णालयात ठेवा आणि त्यानंतर सहा आठवड्यांत कमीत कमी तीनदा तपासा. आपला सव्वा महिना या ४२ दिवसांच्या चार-पाच दिवस अलीकडे थांबतो. पंचांग आणि जिनिव्हा यांच्यात इतकं जवळचं एकमत फार वेळा होत नाही. आणि हे नुसतं कौतुक नव्हे. अमेरिकेतल्या २०१७ ते २०१९ च्या मृत्यूंची छाननी झाली तेव्हा गर्भारपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त, बाळंतपणानंतर एक आठवडा उलटल्यावर वर्षभराच्या आत झालेले निघाले. म्हणजे सगळी यंत्रं, सगळे तज्ज्ञ मागे ठेवून घरी परतण्याच्या काळातले. २०२१ साली त्या देशात लाख जन्मांमागे ३२.९ माता दगावल्या. महाराष्ट्राचा २०१८ ते २०२० चा आकडा होता ३३. २०२१ हे कोविडचं वर्ष होतं, मोजण्याच्या रीती वेगळ्या, आणि अमेरिकेचा आकडा पुढे बराच उतरला, हे सगळं मान्य करूनही चंद्रावर जाऊन आलेला देश आणि गडचिरोली-नंदुरबारसकटचा महाराष्ट्र एका ओळीत यावेत, हे दोघांनाही विचार करायला लावणारं आहे.

आता ज्यांनी आई तयार केली त्यांच्याकडे बघा. नेदरलँड्समध्ये ‘क्रामझोर्ख’ नावाची व्यवस्था आहे. बाळ जन्मल्यावर शिकलेली, पगारी बाई आठ-दहा दिवस रोज काही तास घरी येते. बाळंतिणीचा ताप बघते, टाके बघते, बाळाचं वजन करते, अंगावर पाजायला शिकवते, न्हाणीघर धुते, थोरल्या पोराला खेळवते, आणि भेटायला आलेले लोक फार वेळ बसले तर त्यांना उठवते. हे शेवटचं काम कांदिवलीत करून दाखवणारी व्यक्ती अजून जन्मायची आहे. खर्च मूळ आरोग्य विम्यातून होतो, आपल्याला तासाला काही युरो भरावे लागतात, आणि बाई आगाऊ, गरोदरपणातच ठरवून ठेवावी लागते. बाळंतिणीचा पलंग ठोकळे लावून ८० सेंटीमीटर उंच करायचा असा नियम आहे, का, तर काम करणाऱ्या बाईची पाठ दुखू नये. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खायला काय देतात, तर टोस्टावर लोणी आणि त्यावर साखरेत घोळलेले ॲनीसचे, म्हणजे बडीशेपेसारखेच, दाणे, कारण त्यांनी दूध वाढतं असा तिथल्या जुन्या बायकांचा समज. कांदिवलीच्या आईला हे कळलं की ती डच लोकांना लगेच माणसांत घेते.

जर्मनीत बाळंतपणानंतर आठ आठवडे बाईला कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि पहिले दहा दिवस सुईण रोजसुद्धा घरी येऊ शकते, सरकारी विम्याच्या खर्चानं. फक्त ती मिळायला हवी. गरोदर असल्याचं कळलं की नवऱ्याच्या आधी सुईणीला कळवावं, असं तिथल्या बायका एकमेकींना सांगतात. फिनलंड १९३८ पासून बाळाचे कपडे, पांघरुणं भरलेला खोका देतं, १९४९ पासून सगळ्यांना, अट एवढीच की बाईनं चार महिन्यांच्या आत तपासणीला यावं. म्हणजे सरकारी बाळंतविडाच, फक्त मिळवायला मामा लागत नाही. दक्षिण कोरियात बाळंतिणींनी राहायची केंद्रंच निघाली आहेत. पण मला सगळ्यांत जास्त मानावंसं वाटतं ते सिंगापूर. तिथे चिनी कुटुंबांत महिनाभर बाळंतीण सांभाळायला मलेशियातून बायका येतात, तर सिंगापूरनं त्यांच्यासाठी वेगळा कामाचा परवाना काढला आहे, बाळाच्या जन्मापासून १६ आठवड्यांचा. हे काम आहे, ते परक्या देशातून येऊन कुणीतरी करतं, आणि ते किती दिवसांचं असतं, या तीनही गोष्टी एका सरकारनं कागदावर कबूल केल्या.

बाकीचे कबूल करत नाहीत, आणि त्यातून गमती होतात. ब्रिटनचे नियम म्हणतात की नातवंडाला सांभाळायला आजीनं थोड्या मुदतीसाठी यायला हरकत नाही, मात्र ते नोकरीसारखं होता कामा नये. होतच नाही! पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकायची, यात नोकरीसारखं काय आहे? नोकरीत रविवार असतो. अमेरिकेचं कोडं वेळेचं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी थांबण्याचा काळ ९९९ दिवसांवर गेला होता. माणसाचं गरोदरपण २८० दिवसांचं. हत्तीण बावीस महिने वागवते, तिच्या आईलाही बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत वेळेवर तारीख मिळाली नसती. ज्या जोडप्यांनी लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेबरोबरच व्हिसाचा अर्ज भरला त्यांचंच साधलं. एकदा आत गेल्यावर मात्र सहसा सहा महिने राहता येतं, म्हणून घरोघर पाळ्या लागतात, पहिल्यांदा आई, ती परतायच्या सुमारास सासूबाई. दोघींचे चार दिवस एकत्र गेले तर कुठला डबा कुठे, हे नीट सोपवलं जातं. कधीकधी त्या चार दिवसांत इतरही बरंच बोललं जातं, म्हणून शहाणे जावई दोघींची तिकिटं लागोपाठची काढतात.

दुसरा आक्षेप: मग मुलीनंच कांदिवलीला यावं, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं. रीत चांगली आहे, आणि विमान कंपन्या नकळत ती पाळतातही. २८ व्या आठवड्यानंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात आणि साधारण ३६ नंतर चढूच देत नाहीत, म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून निघायचं हा हिशेब जुळतो. जुळत नाही ते बाकीचं. तिकडची नोकरी, तिकडचा विमा, परतीच्या वेळी पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का, आणि बाळाच्या पासपोर्टची वेगळी वारी. शिवाय माहेर जागेवर आहे का, हे आधी विचारावं लागतं. कांदिवलीत निम्म्या माहेरांचा पुनर्विकास चालू आहे. बिल्डरनं भाडं दिलंय, आई-बाबा दोन गल्ल्या पलीकडे तात्पुरत्या वन बीएचकेत, पाळणा कुठे टांगायचा तर घरमालकानं हुकाला मनाई केलेली. आणि ज्या आईनं रीत पाळायची ती अजून बँकेत किंवा शाळेत नोकरी करते. मालिशवाल्या बाईला जेवढी मागणी आहे ती पाहता तीही आता दोन महिने आधी ठरवावी लागते, डच पद्धतीनं.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, की आई बरोबर नेते तो अडाणीपणाही असतो. असतो. जन्मल्या दिवसापासून उगाळलेली बाळगुटी, डोळ्यांत काजळ, कानात तेल, बंद खोलीत धुरी, पाणी कमी पी म्हणून दरडावणं, यांतलं काहीही मी पाठीशी घालणार नाही. पहिले सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज काही नको, हे इथल्या शताब्दी रुग्णालयातली परिचारिकाही सांगेल आणि शिकागोतलीही. धुरीचा प्रश्न तर तिकडे छतावरची भोंगा यंत्रणा आपोआप सोडवते, अग्निशामक दलासह. पण आपण हे टाकतो तेव्हा काय उरतं ते पाहावं. गरम अन्न वेळेवर हातात, चार तास सलग झोप, कुणीतरी बाळ धरलेलं असताना केलेली आंघोळ, आणि ‘रडू येतंय ना, येतंच’ असं म्हणणारं माणूस. यातल्या एकाही गोष्टीला कुठल्या वैद्यकीय नियतकालिकानं हरकत घेतलेली नाही. रुग्णालयानं बाळंतिणीपुढे बर्फाचं पाणी ठेवलं म्हणून आईनं केलेला आरडाओरडा शास्त्राला धरून नसेल, पण त्या खोलीत बाळंतिणीकडे बघत असलेली ती एकटीच होती.

आणि हा वाद काही नवा नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, मूल दहा दिवसांनी गेलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंचं घर त्यांना तिथलं माहेर झालं, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. नव्या शास्त्राच्या दारात उभं राहून त्यांनी जुनं बरोबर नेलं, ते तपासायला टेबलावर ठेवलं. आज न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये उतरणाऱ्या कांदिवलीकरणीचे लाडूही त्याच टेबलावर जावेत एवढीच माझी मागणी आहे. डिंक, मेथी, गूळ, तूप कसोटीला उतरतील असा माझा अंदाज आहे. बाळगुटी बहुधा परत पाठवतील.

नवरा काय करतो, हा प्रश्न वाचकांतल्या सुनांनी केव्हाचा विचारला असेल. तो करतो, पूर्वीपेक्षा पुष्कळ करतो. लंगोट बदलतो, व्हिडिओ बघून वरण लावतो. पण ब्रिटनचा कायदा त्याला दोन आठवड्यांची रजा देतो, आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकराला १५ दिवस मिळतात आणि खासगी नोकरीत कायद्याचं बंधनच नाही. पंधरा दिवसांत माणूस कुंची बांधायला शिकतो, तोवर लॅपटॉप बोलावतो. त्याला रजा वाढवून मिळाली तर आईची पाळी कमी होईल, हे उघड आहे आणि व्हायलाच हवं. तोवर तुटवडा आहे, आणि तो भरून काढणारी बाई बोरिवली-चर्चगेट पासाच्या उत्साहानं अटलांटिक ओलांडते आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत गोड, म्हणून सगळ्यांत लबाड. ती आनंदानं जाते हो, आईच्या मायेचा कसला हिशेब मांडता? माया आहेच. पण डच मदतनीस बाईसुद्धा बाळाला मायेनंच धरते, आणि तरी कुणीतरी तिच्या पाठीसाठी पलंग उंच करतं. आपल्या आईची पाठ मायेनं आपोआप सरळ राहते, असं आपण धरून चालतो. बासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, बर्फात, कुणाशी मराठीत बोलता येत नाही अशा गल्लीत, गाडी चालवता येत नाही म्हणून घरातच, तीन महिने, आणि मुलगी-जावयाला वाटतं की आई ‘चेंज’ला आली आहे. तिला तिथे काही झालं तर? अमेरिकेत बाळंतपणाशी निगडित सगळा खर्च सरासरी १९ हजार डॉलरांच्या आसपास जातो असा अलीकडच्या वर्षांतला एक हिशेब आहे, त्यातला बराचसा विमा भरतो म्हणून मुलीला तो पूर्ण दिसत नाही. आजीच्या छातीत कळ आली तर तिचा विमा कोणता, हे बऱ्याच घरांत कळ आल्यावर शोधलं जातं.

तेव्हा परदेशातल्या लेकी-जावयांनो, तिकीट काढण्याआधी आईला ‘येशील ना?’ असं विचारू नका. ‘यायचंय का, आणि किती दिवस?’ असं विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तिकडची पगारी बाई शोधा. पाहुण्यांसाठीच्या बहुतेक विम्यांत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात किंवा थोड्याच रकमेत बसवलेले असतात. तिचं ब्लडप्रेशर, साखर, गुडघा त्यात येतो का, ते बारीक अक्षरांतलं पान तुम्ही स्वतः वाचा, ते तिच्यावर सोडू नका. आठवड्यातला एक दिवस स्वयंपाकघर तुमचं, हे ती यायच्या आधी ठरवा. आणि कांदिवलीतल्या आयांनो, तुमच्या ज्या काही अटी असतील त्या इथे, बॅगा भरण्यापूर्वी सांगा, कारण तिकडे एकदा का बाळ हातात आलं की तुम्ही काही बोलणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.